सुईला रिलिव्हर मिळेल का?

गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. इन्सुलिनवर कधीच नव्हती. तरी भोसरीतल्या एखाद्या कंपनीच्या गेटसमोर शिफ्ट सुटताना पाच मिनिटं उभे राहा. बंदीची वस्तू उघड्यावर, हसतखेळत, एकमेकांच्या तळहातावर ओतून खाल्ली जाते. बिनबंदीची मात्र संडासात, कडी लावून, श्वास रोखून टोचली जाते. श्वास सुईमुळे रोखावा लागत नाही. ज्यांनी ते संडास पाहिलेत त्यांना कारण सांगायला नको.

बरं, शुगरची लाज म्हणावी तर तीही नाही. देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा आयसीएमआरचा अंदाज 2023 मध्ये आला. एवढ्या गर्दीत कोण कुणाला लाजणार? कॅन्टीनमध्ये तर आकडे दहावीच्या मार्कांसारखे सांगतात. ‘माझी उपाशीपोटी एकशे ऐंशी.’ ‘हॅ, माझी अडीचशे होती, तरी कट्ट्यावर गोड चहा चालू आहे.’ गोळ्यांची पाकिटं टेबलावर उघडी पडलेली असतात. सुईचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. ‘तो सुईवर गेला’ हे आपण ‘तो व्हेंटिलेटरवर गेला’च्या सुरात म्हणतो. खरं तर काही डॉक्टर शुगर फार चढलेली असेल तर सुरुवातीलाच काही दिवस इन्सुलिन देतात. टाइप वनच्या पोरांना तर पहिल्या दिवसापासून तेच, कारण त्यांच्या शरीरात ते तयारच होत नाही. त्यांच्यासाठी ही शेवटची स्टेज नसते, ती रोजची न्याहारी असते.

आणि हे सगळं घडतं कुठे, तर पिंपरीत! 1954 साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आपण सगळे जिला ‘एच.ए.’ म्हणतो, ती. पेनिसिलीन करायला. म्हणजे ज्या गावाने टेल्को आणि बजाजच्या आधी इंजेक्शनच्या औषधाचा कारखाना पाहिला, त्या गावाला सत्तर वर्षांनंतरही सुई दिसली की इकडेतिकडे बघावं लागतं.

शेवटच्या स्टेजची ही एक भीती. दुसरी भीती नशेखोर समजले जाण्याची. ती अगदीच पोकळ आहे असं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये चाकण परिसरात पोलिसांनी 20 किलो मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडलं, त्यामुळे इथल्या माणसाची नजर संशयी झाली असेल तर त्याला दोष कसा द्यावा? फक्त एक बारीक अडचण आहे. एमडी बहुतेक लोक नाकाने ओढतात. बदनाम सुई झाली, नाकाकडे कोणी वळूनही पाहत नाही.

1985 साली डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने इन्सुलिनचं पेन बाजारात आणलं. दिसायला शाईच्या पेनासारखं, खिशाला लावून कुठेही नेता यावं असं. कुठेही म्हणजे चारचौघांत, असा त्यांचा भाबडा समज असावा. आमच्याकडे ते गेटवरच अडतं. एक किस्सा कामगार हसत सांगतात. सिक्युरिटीवाल्याने बॅग तपासली. ‘हे काय?’ ‘पेन आहे, मामा.’ ‘मग लिहून दाखव.’

परवा चाकणला तळेगाव चौकाजवळच्या एका खानावळीत समोरच्या टेबलावर एक गृहस्थ बसले होते. पन्नाशीचे, खिशाला कंपनीचं ओळखपत्र. पोऱ्याला विचारलं, ‘थाळी किती वेळात?’ ‘आलीच साहेब.’ ‘आलीच म्हणजे? भाकरी तव्यावर आहे का अजून पिठात?’ मला वाटलं, काय हा खवचटपणा. पोऱ्या आत जाऊन आला. ‘तव्यावर.’ मग गृहस्थांनी खिशातून पेन काढलं. नवी सुई बसवली, जेमतेम चार मिलिमीटरची. दोन युनिट हवेत सोडून टोकावर थेंब आला का ते पाहिलं. टिक-टिक-टिक करत आकडा फिरवला. शर्टाचं खालचं बटण काढलं, पोटाला टोचलं, ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजलं. संपलं. मिनिटभराचा मामला. खानावळीत तीसेक माणसं असतील. ज्याला त्याला आपला मोबाईल. पोऱ्याने कांदा-लिंबाची ताटली ठेवली आणि विचारलं, ‘ताक देऊ?’

भाकरीची ती चौकशी म्हणजे त्या माणसाचं सगळं वैद्यकशास्त्र होतं. जेवणाच्या तोंडावर घ्यायचं इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं. ते रक्तातली साखर खाली आणणारच, थाळी येवो न येवो. टोचून बसलात आणि भाकरी पिठात असेल तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. शुगर सत्तरच्या खाली गेली की आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, गप्पा नंतर. टेबलावर बसून टोचणाऱ्याला निदान स्वयंपाकघर दिसत असतं. संडासात टोचणाऱ्याला काय दिसतं?

पण हे गृहस्थ साहेब होते. पेन महागातलं, जेवणाची वेळ स्वतःच्या हातात. ‘लाज सोडा, बिनधास्त टोचा’ हा उपदेश अशांनाच लागू पडतो आणि बहुधा अशांनीच लिहिलेला असतो. आता जरा शॉपफ्लोअरवर या.

तिथे बऱ्याच जणांचं इन्सुलिन म्हणजे थर्टी-सेव्हन्टीचं मिश्रण. दिवसातून दोनदा, आणि जेवणाआधी अर्धा तास. इकडे 1948 च्या कारखाने कायद्यापासूनचा दंडक असा, की सलग पाच तासांच्या आत कामगाराला किमान अर्धा तास सुट्टी द्यायची. ‘किमान’ हा शब्द आपल्याकडे ‘कमाल’ असा वाचला जातो, ते सोडा. समजा सेकंड शिफ्टला जेवण आठला. साडेआठला लाईन सुरू. म्हणजे इन्सुलिन साडेसातला. साडेसातला माणूस कुठे असतो? लाईनवर. लाईन सोडायची तर रिलिव्हर हवा, म्हणजे तेवढ्यापुरता जागेवर उभा राहणारा. रिलिव्हर हवा तर लाईन लीडरला कारण सांगायला हवं. कारण सांगितलं की तो विचारणार, ‘सुईवर आहेस का?’ ते सुपरवायझरला कळणार, सुपरवायझरकडून ठेकेदाराला, आणि पुढच्या महिन्यात ठेकेदाराचा फोन येत नाही. कुणी काढून टाकलेलं नसतं. फक्त फोन येत नाही.

मग माणूस जुगाड करतो. कोणी घरून निघतानाच टोचून येतो आणि सहाच्या सुमाराला स्क्रू हातातून निसटायला लागतात. कोणी आठला टोचून लगेच जेवतो. औषध मागे राहतं, जेवण पुढे पळतं. कोणी सेकंड शिफ्टचा आठवडाभर रात्रीची मात्रा गाळतो आणि डॉक्टरला सांगतो, ‘नियमित घेतोय साहेब.’ डॉक्टर रिपोर्ट पाहून मात्रा वाढवतात. वाढलेली मात्रा पुन्हा संडासात.

म्हणून मला या लाजेच्या गोष्टी फार पटत नाहीत. आमच्या पट्ट्यात लाज पगारपत्रकावर ठरते. पर्मनंट माणूस डिस्पेन्सरीत जातो, तिथल्या फ्रिजमध्ये आपली बाटली ठेवतो, सिस्टरशी दोन गोष्टी बोलून परत येतो. डिस्पेन्सरी ठेकेदारीच्या पोरालाही बंद नसते. पण दारातून आत जाताना तो दिसतो ना! महिना 21 हजारांच्या आत पगार म्हणून ईएसआयचं कार्ड असतं त्याच्याकडे. तिथून किंवा सरकारी दवाखान्यातून पेनाऐवजी बहुधा बाटली आणि सिरिंज मिळते. साहेबाचं पेन टेबलावर पेनच दिसतं. याने बाटली उलटी धरून सिरिंज भरली की शेजारचा लगेच सरकून बसतो. शिवाय चाळीस युनिटच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, शंभरच्या बाटलीला नारिंगी, हा हिशेब त्याने संडासातल्या झिरोच्या बल्बखाली करायचा.

भरतीच्या मेडिकलमध्ये ही शुगर नजरेतून कशी सुटते, असं विचाराल. अंगकाठी बघून. बारीक म्हणजे निरोगी, ही आपली ठाम समजूत. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या 21.2 टक्के. किडकिडीत दिसणाऱ्या देशी माणसाच्या आत काय साठलेलं असतं ते वजनकाट्याला कळत नाही.

कंपनीची बाजूही सांगतो, नाहीतर एचआरवाले पत्र लिहितील. इन्सुलिनवरच्या माणसाला पॉवर प्रेसवर किंवा फोर्कलिफ्टवर चक्कर आली तर ती गंमत नसते. भोसरी-तळवड्यात प्रेसखाली बोटं गेलेली माणसं शोधावी लागत नाहीत. भीती खरी आहे. पण ज्याची शुगर पडू शकते त्याची माहिती शेजारच्या मशीनवाल्याला असणं जास्त सुरक्षित, की कुणालाच नसणं? ज्याला लपून टोचावं लागतं तो चक्कर आल्यावरही ‘काही नाही, झोप झाली नाही’ असंच सांगणार. खिशातल्या चार ग्लुकोजच्या गोळ्याही मग तो लपूनच खाणार.

बायकांचं आणखी न्यारं. साडीत पोट उघडंच असतं, त्यावर कुणाचा आक्षेप नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाही. त्याच पोटावर चार मिलिमीटरची सुई टेकली की ‘अगं, आत जाऊन घे.’ लग्नाची मुलगी असेल तर आतल्या खोलीलाही कडी.

आता ज्याची खरोखर लाज वाटायला हवी त्या गोष्टीकडे. टोचून झाल्यावर सुई कुठे जाते? संडासात टोचली तर तिथल्याच खिडकीत, नाहीतर कागदात गुंडाळून डस्टबिनमध्ये. घरी टोचली तर घंटागाडीच्या बादलीत, भाजीच्या देठांसोबत. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या. त्या वेगळ्या द्यायच्या असतात. जाड प्लॅस्टिकच्या, झाकणाच्या डब्यात साठवल्या तरी पुरे. पण ज्याला सुई आहे हेच कबूल करायचं नाही तो तिचा डबा कशाला ठेवील? ती बोचते ते मोशीच्या डेपोत कचरा निवडणाऱ्या बाईच्या बोटात. तिने कुणापासून काही लपवलेलं नसतं.

या पट्ट्यात प्रत्येक भिंतीवर ‘फाइव्ह एस’चा बोर्ड आहे आणि महिन्याला दोन कायझेन, म्हणजे छोट्या सुधारणा, द्या म्हणून पोरांच्या मागे लागणारे साहेब आहेत. नटबोल्टचा डबा उजवीकडून डावीकडे ठेवला तरी कायझेन होतं, फोटो काढतात, टाळ्या वाजवतात. तर माझ्याकडून एक घ्या, फुकट. जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास, ज्याला हवा त्याला दोन मिनिटं रिलिव्हर. कारण विचारायचं नाही. पाणी प्यायला, देवाला हात जोडायला, काहीही. कॅन्टीनच्या कोपऱ्यात एक छोटा फ्रिज, वापरलेल्या सुयांसाठी एक डबा आणि हात धुवायला साबण. सायकल टाइमवर परिणाम शून्य. खर्च 14 नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला जो फ्लेक्स लावता आणि बाहेरून पाहुणे बोलावून जो झुंबा करवता, त्याच्याहून कमी.

आणि कायझेन पास झालं तर बक्षिसाचं एवढं बघा. गेल्या वेळी काजूकतलीचा डबा दिला होता.