फिरलेला पडदा : कारणे व उपाय

संगणकाचा पडदा चार तऱ्हांनी दिसू शकतो: सुलटा, उलटा, डाव्या कुशीवर आणि उजव्या कुशीवर. पहिली तऱ्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. उरलेल्या तिन्हींत कामकाज थांबते. मजकूर मराठी असेल तर निदान चटकन होते. सुलट्या पडद्यावर अक्षरे शिरोरेषेला दोरीवरच्या धुण्यासारखी लटकत असतात. पडदा उलटला की तीच रेषा जमीन होते आणि अख्खे परिपत्रक तिच्यावर शीर्षासन करते. कुशीवरच्या पडद्यावर तिचा खांब होतो. १८४३ पासून नाटके पाहणाऱ्या सांगलीला पडदा वर जातो किंवा खाली पडतो एवढेच ठाऊक. तो आडवा निजतो हे पचायला जड जाते.

कारणांत पहिला मान स्वच्छतेचा. कीबोर्डवर उजवीकडचे ऑल्ट आणि कंट्रोल बाणांच्या शेजारीच बसवलेले आहेत. भडंगातला शेंगदाणा फटीत अडकतो, तो काढायला फडके फिरते आणि तिन्ही बटणे एकदम दाबली जातात. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण म्हणजे पडदा उलटा. आडव्या बाणांनी तो कुशीवर जातो. दुसरे कारण विद्यार्थी. सांगलीच्या विश्रामबागेत १९१९ चे विलिंग्डन आणि १९४७ चे वालचंद अशी दोन महाविद्यालये असल्याने या कारणाचा तुटवडा पडण्याचा संभव नाही. मित्र चहाला उठला की त्याचा पडदा उलटा करणे हे त्या वयात संशोधन समजले जाते.

उपायांचा क्रम सर्वत्र ठरलेला आहे. प्रथम मान तिरकी केली जाते. आडव्या पडद्याला हा उपाय काही काळ लागू पडतो, आणि मान दुखू लागली तरी दोष खुर्चीला दिला जातो. मग संगणक बंद करून चालू होतो. तो सुरू होतो तोही उलटाच. नंतर मॉनिटरच उलटा केला जातो. जुना डबा मॉनिटर होता तोवर हा विचार कुणाच्या मनाला शिवत नसे, कारण तो उचलायला दोघे लागत. आताचा चपटा मॉनिटर एका हाताने उलटतो. त्याला मागून फायलींचा टेकू मिळतो आणि वर आलेल्या बैठकीवर शिक्क्याची पेटी ठेवायची सोय होते. या उपायाला हसणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे: पडदा उलटा असताना माउस उजवीकडे सरकवला की बाण डावीकडे पळतो, मॉनिटर उलटा केला की तोही सुतासारखा सरळ होतो. शास्त्राच्या दृष्टीने उपाय अचूक आहे. फक्त मॉनिटर उलटा आहे.

यानेही भागले नाही तर ‘कॉम्प्युटरला असलेला’ भाचा बोलावतात. तो तीन बटणे दाबून क्षणात पडदा सुलटा करतो, म्हणून त्याला अर्धा कप चहा मिळतो आणि एवढा चार वर्षांच्या फीचा खर्च कशाला, असा विषय निघतो. उलट दुरुस्तीवाला पडद्याकडे न पाहताच ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणतो, सीपीयू दोन दिवस दुकानात ठेवतो आणि पैसे घेतो. त्याचा नंबर जपून ठेवला जातो.

खरा उपाय सांगण्याजोगा मोठा नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबावा. नव्या संगणकांवर ही सोय बहुधा बंद असते. तेथे मोकळ्या पडद्यावर उजवी टिचकी मारून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जावे आणि डिस्प्ले ओरिएंटेशनपुढे ‘लँडस्केप’ निवडावे. विंडोज मग ‘बदल ठेवायचा का’ असे विचारते आणि १५ सेकंद थांबते. उत्तर न दिल्यास पहिली स्थिती आपोआप परत येते. निवड चुकली तर काहीच करू नये, अशी ही दुर्मीळ सोय आहे. तरीही घाबरलेला माणूस नेमका याच १५ सेकंदांत ‘ठेवा’ वर टिचकी मारतो.

फोनचे प्रकरण वेगळे. त्यात त्वरणमापी नावाची बारीक चिप असते. गुरुत्वाकर्षण कोणत्या बाजूने ओढते ते पाहून ती खालची बाजू ठरवते. वाचणाऱ्याचे डोके कुठे आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. म्हणून दुपारी जेवून कुशीवर पडलेल्या माणसासोबत फोनही आडवा होतो, पण पडद्यावरचा मजकूर मात्र उभा राहतो. यावर ऑटो रोटेट बंद करणे हा उपाय; आयफोनवर त्यासाठी कुलपाभोवती बाण असलेले चिन्ह दाबतात. काही अँड्रॉइड फोन ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत अडकून राहतात, तेव्हा आधी उठून बसावे, फोन उभा धरावा आणि मग चिन्ह दाबावे. फोन टेबलावर सपाट ठेवून गरगर फिरवला तर पडदा हलत नाही, कारण तेव्हा सारी ओढ थेट पाठीकडे असते. तो बिघाड नव्हे. त्यासाठी दुकानात जाऊ नये.