भोकाचे भोक्ते

सावेडीच्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे 'चिनी काका' म्हणतात. काका चीनला कधी गेलेले नाहीत; शिर्डीला निघाले तरी सोबत दशम्या बांधून घेतात. पण छ्येनलुंग बादशहाविषयी असं बोलतात, की जणू तो माळीवाड्यात त्यांच्या शेजारी भाड्याने राहत होता.

नगरचा नाणीवेडा म्हटला की निजामशाहीच्या तांब्यामागे लागलेला असायचा. काकांनी चौकोनी भोकाची चिनी पितळी नाणी धरली. एखादी आजी "अगंबाई, भोकाचा पैसा!" म्हणाली की ते दुखावतात. "तो १९४३चा, इंग्रजांचा. आणि भोक गोल!"

मग सुटका नसते. आपल्याकडे नाणी ठोकत, तिकडे ओतत. साच्यातून निघालेली नाणी चौकोनी सळईवर ओवायची आणि सगळ्यांच्या कडा एकदम कानशीने घासायच्या. भोक गोल असतं तर नाणी सळईवर गरागरा फिरली असती. हे दाखवायला काका बशीतली मारी बिस्किटं एकावर एक रचतात, तोवर पाहुण्याचा चहा गार होतो. नाण्यावर अक्षरं चार. "आधी वरचं, मग खालचं, मग..." काका श्वास घेतात, तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, "उजवीकडचं, मग डावीकडचं. आणि मागे मांचू लिपीत टांकसाळ. आता जेवायला उठा!"

हुकमाचा एक्का खर्ड्याचा. छ्येनलुंग १७३५ ते १७९६ गादीवर होता. इकडे थोरल्या बाजीरावापासून सवाई माधवरावापर्यंत सहा पेशवे झाले, तिकडे हा एकटाच. १७९५ साली आपल्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला नमवलं, तेव्हा तिकडच्या बाजारात हाच पैसा चालत होता. "हाच!" म्हणून ते नाणं तुमच्या तळहातावर ठेवतात. कडेवरून नख फिरवलं की कानशीचे ओरखडे खरंच लागतात, आणि क्षणभर आपणही गप्प होतो. फक्त किंमत विचारू नये. ही नाणी हजार-हजाराच्या माळांनी मोजत. इतकी ओतली गेली, की साध्या नाण्याला आजही फारसा भाव नाही. काकूंना हे कळल्यापासून घरात शांतता आहे.

मढीच्या यात्रेतल्या गाढवांच्या बाजारात लोक गाढवांचे दात तपासतात. काका मणी विकणाऱ्या बायांच्या माळा तपासतात, एखादं चिनी नाणं ओवलेलं सापडतं का म्हणून. अजून काही सापडलेलं नाही.

दुकानाच्या उद्घाटनाला मात्र त्यांना बोलावू नका. गल्ल्यावर लाल फितीत तीन चिनी नाणी टांगलेली असतातच. सत्यनारायणाच्या भर पूजेत काका भिंग काढतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "शेठ, ही गेल्या वर्षीची आहेत." बोलावलंच असेल, तर फीत आधी काढून ठेवा.