ढगेकाका

त्यांचं खरं आडनाव दांडिया बाजारात फक्त पोस्टमनला माहीत. आमच्यासाठी ते ढगेकाका. सूर्य कलायला लागला की लिल्या चिवड्याची पुडी घेऊन सुरसागरच्या कठड्याशी हजर. बडोद्याला समुद्र नाही, ही त्यांच्या मते सयाजीरावांच्या कारभारातली एकमेव चूक. "ओखामंडळापर्यंत राज्य होतं ने? मग किनारा तिकडेच का ठेवला?"

सुरसागरावर आभाळ केशरी झालं आणि कुणी "वा!" म्हणालं, की काकांच्या कपाळाला आठी. "ही नुसती धूळ. ढग बघावेत ते कावीला, आखातावर."

शेवटी गेल्या हिवाळ्यात गल्लीतली आम्ही दहा-बारा माणसं टेम्पो करून कावी-कंबोईला गेलो. भरतीत बुडणाऱ्या स्तंभेश्वराचं दर्शन ओहोटीत उरकलं आणि पश्चिमेला तोंडं करून बसलो. आभाळ पेटलं. काकाही पेटले. उजेडाला आता हवेतून लांबची वाट तुडवावी लागते, निळा वाटेतच विखरून जातो, तांबडा तेवढा पोचतो. ते वरचे पिंजलेले तंतुमेघ बर्फाचे, सगळ्यांत उंच, म्हणून सगळ्यांत शेवटी विझणार. मध्येच "फोटो काढू नका रे, डोळ्यांनी प्या!" अशी ताकीद. (रात्री अकराला त्यांचा मेसेज: फोटो पाठव.)

रंग भरात आला, तेव्हा त्यांनी सगळ्यांना पाठमोरं केलं. "पश्चिमेकडे कुणीही बघतो. खरा रसिक पूर्वेला बघतो. ती गुलाबी पट्टी, तिच्याखाली निळसर छाया. पृथ्वीची सावली आहे ती, पृथ्वीची!"

खोटं नव्हतं. सावली खरंच होती. पण आमची पाठ वळल्याचा फायदा घेऊन भरती आली. खंभातच्या आखाताची भरती, ती काय पायरी-पायरीनं येते? काकांची डावी चप्पल गढूळ पाण्यावर हलकेच उचलली गेली, स्वतःभोवती एकदा फिरली आणि मावळतीकडे निघाली. तिनं मात्र पश्चिमच निवडली.

परतीच्या वाटेवर अनवाणी काका बराच वेळ गप्प होते. जंबुसर मागे पडल्यावर कंठ फुटला. "ठीक होते ढग. पण तिथलला काळ्या वाळूवर जो रंग उतरतो, त्यापुढे हे म्हणजे पाणचट चहा."

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "तिथलला म्हणाला होतात, सुरसागरची सर नाही."