भुतांचा गोपनीय अहवाल

'डेड बाय डेलाइट' हा खेळ एका भुताचा आणि चार माणसांचा. नुसतं ऐकलं तर माणसांची कीव यावी. भुताच्या बाजूनं दोन-चार डाव खेळल्यावर मात्र कळतं, की त्या अख्ख्या मैदानात कामाला जुंपलेला जीव एकच आहे, बाकीचे चौघं अभ्यागत. आणि अभ्यागतांचा मला पुष्कळ अनुभव आहे, कारण माझी हयात सरकारी कचेरीतल्या आस्थापना शाखेत गेली.

खेळणारी मुलं भुताला 'किलर' म्हणतात. मी भूतच म्हणणार. त्यात करवतवाल्यापासून टीव्हीतून बाहेर येणाऱ्या बाईपर्यंत सगळे बसतात.

तर भुताचं काम असं. मैदानात सात जनरेटर असतात. त्यातले पाच दुरुस्त झाले की फाटकांना वीज मिळते आणि माणसं पसार होऊ शकतात. एकट्या माणसाला एक जनरेटर करायला दीड मिनिट पुरतं. तेवढ्या वेळात भुतानं माणूस शोधायचा, गाठायचा, दोन फटक्यांत आडवा करायचा, उचलून खांद्यावर टाकायचा आणि लोखंडी आकड्याला नेऊन टांगायचा. टांगला की काम संपलं असं वाटेल, पण नाही. दुसरा येतो, त्याला सोडवतो आणि दोघंही झुडपात गायब. परत शोधा, परत पाडा, परत टांगा. तिसऱ्यांदा टांगल्यावरच तो प्रकरणातून कायमचा निकाली निघतो. चौघांचे मिळून बारा आकडे, आणि ते टांगायला एकटा माणूस. म्हणजे भूत.

शिवाय खांद्यावरचा माणूस गप्प बसत नाही. तो हातपाय झाडत राहतो आणि आकडा लांब असेल तर खाली उडी मारून पळतो. वेताळाच्या गोष्टीत खांद्यावर प्रेत आणि खाली विक्रम राजा होता. प्रेत निसटायचं आणि राजा बिचारा परत झाडाकडे चालू लागायचा. इथे ते दुःख भुताच्या वाट्याला आलं आहे. चकव्याचंही तेच. आपल्याकडे चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच बांधाभोवती फिरतो. इथे माणसं भुताला चकवा लावतात. मुलं त्याला 'लूप करणं' म्हणतात. एक भिंत, एक खिडकी, एक आडवं पाडता येणारं लाकडी फळकूट एवढ्या सामग्रीवर चांगला खेळाडू भुताला मिनिटभर गोल गोल फिरवतो. माणूस सेकंदाला ४ मीटर पळतो, बहुतेक भुतं ४.६. म्हणजे सेकंदाला जेमतेम हातभर अंतर कमी होणार. तो हात पाठीपर्यंत पोचतो, तोच फळकूट भुताच्या टाळक्यात. भूत डोकं धरून उभं. मग लाथ मारून ते फळकूट मोडायचं, कारण वाटेतले अडथळे दूर करणं हेही त्याच्याच जबाबदाऱ्यांत येतं.

माणसांना स्वतःची अख्खी आकृती मागून दिसते, त्यामुळे कोपऱ्यापलीकडचंही दिसतं. भुताला फक्त डोळ्यांसमोरचं. वर बहुतेक भुतं ३२ मीटरच्या आत आली की माणसाच्या छातीत धडधड वाजू लागते. साहेब निघाले की शिपाई आधी खबर देतो, तशी सोय.

आणि एवढं करून डाव संपल्यावर शेरा मिळतो. हे मी रचून सांगत नाही. या सगळ्यांच्या वर 'एंटिटी' नावाची एक शक्ती आहे. ती समोर येत नाही. बळी न्यायच्या वेळी तिचे कोळ्याच्या पायांसारखे पंजे तेवढे दिसतात. काम बरं झालं तर पडद्यावर 'ब्रूटल', आणखी बरं तर 'रूथलेस', उत्तम तर 'मर्सिलेस'. वाईट झालं तर 'एंटिटी डिस्प्लीज्ड'. वरिष्ठ नाराज आहेत. का, ते कळवत नाहीत.

अशा कर्मचाऱ्यांची प्रतवारी करायची कशी, यावर माझं आणि भाच्याचं वाजतं. तो इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्या लेखी दुसरं शिक्षण हेच. या खेळाच्या मुलांत याद्या करायचं व्यसन असतं. भुतांच्या चेहऱ्यांचे चौकोन ओढून रांगांत टाकायचे. सगळ्यांत वर 'एस', मग ए, बी, सी, डी. माँट्रियलच्या बिहेवियर इंटरॅक्टिव्ह कंपनीनं २०१६ च्या जूनमध्ये खेळ बाजारात आणला तेव्हा भुतं तीनच होती. आता ती चाळिसाच्या घरात गेली आहेत, त्यामुळे यादी हे पूर्णवेळ काम झालं आहे. भाच्याचा निकष एकच. समोर तरबेज चौघं असताना किती मारले. मी म्हटलं, हा तर नुसता वसुलीचा तक्ता झाला. वर्तणूक, सचोटी, जबाबदारीची जाणीव यांचे रकाने कुठे आहेत? आमच्या गोपनीय अहवालात अ अधिक, अ, ब अधिक, ब अशी उतरंड असते आणि नुसत्या आकड्यांवर कोणी अ अधिक होत नाही.

भाच्याच्या यादीत नर्स सगळ्यात वर. जगातल्या जवळपास सगळ्यांच्याच यादीत असते. डोक्याला उशीचा अभ्रा गुंडाळलेली ही बाई तरंगत येते. वेग सेकंदाला ३.८५ मीटर, म्हणजे पळणाऱ्या माणसाहूनही कमी. पण ती भिंतीतून आरपार उडी मारते, त्यामुळे भिंत, खिडकी, फळकूट, चकव्याची सगळी सामग्री एका झटक्यात फुकट. आता गंमत बघा. कंपनी अधूनमधून प्रत्येक भुतानं किती टक्के माणसं मारली याचे आकडे जाहीर करते, आणि त्यांत ही सर्वशक्तिमान बाई वारंवार खालच्या रांगांत दिसली आहे. कारण उडी नेमकी कुठे संपवायची हा अंदाज बसायला फार सराव लागतो, तो बहुतेकांकडे नसतो. अंदाज चुकला की ती माणसाच्या दोन हात पुढे उतरते, आणि प्रत्येक उडीनंतर दम लागतो म्हणून मान खाली घालून जमिनीकडे बघत राहते. तेवढ्यात माणूस तिच्या पाठीमागून चालत निघून जातो. पळतही नाही. पद मोठं, पण ते सांभाळणारा मिळत नाही अशी रिकामी खुर्ची आहे ती. मी ब अधिक दिला. भाचा दोन दिवस बोलला नाही.

ट्रॅपरला तो तळाला टाकतो. हा मूळच्या तिघांतला, पोस्टरवरचा चेहरा. काम हातानं सापळे लावणं. सुरुवातीला तर सापळे मैदानभर विखुरलेले असायचे. आधी ते गोळा करा, मग उंच गवत बघून वाकून लावा, मग वाट बघा. तोवर इकडे दोन जनरेटर उरकलेले. माणसं सापळे मोडून जायची ती वेगळीच, आणि वर्षानुवर्षं या इसमाचा स्वतःच लावलेल्या सापळ्यात पाय अडकत आला. साहित्य नाही, मनुष्यबळ नाही, अपघाताचा धोका कायम. तरी तक्रार नाही. त्याला अ. इथे मी पक्षपात करते असं कोणी म्हटलं तर म्हणू दे.

रेथचंही तसंच. हा अदृश्य होणारा. अदृश्य भुताला काय कमी, असं वाटेल, पण हा गायब होतानाही घंटा वाजवतो आणि दिसायच्या आधीही घंटा वाजवतो. त्याची पूर्वकथा अशी, की तो भंगारच्या आवारात गाड्या चेपायच्या यंत्रावर नोकरीला होता आणि त्या गाड्यांच्या डिक्कीत माणसं होती हे त्याला फार उशिरा कळलं. वरून सांगितलं तसं केलं, कागद बघितले नाहीत. अशी माणसं मला माहीत आहेत. तेव्हापासून, मला वाटतं, तो काहीही करायच्या आधी सूचना देतो. सचोटीच्या रकान्यात त्याच्याइतके गुण मी कोणाला दिले नाहीत.

मायकल मायर्स २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये 'हॅलोविन' सिनेमातून आला. १९७८ च्या त्या सिनेमात पैसे कमी, म्हणून 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा पांढरा रंगवून वापरला होता. म्हणजे काटकसरीत जन्मलेलं भूत, हे मला आवडलं. याचं काम झाडाआड उभं राहून माणसांकडे टक लावून बघणं. बघता बघता त्याची ताकद वाढते. आमच्या शाखेत एक जण फाइलकडे असेच टक लावून बघत बसायचे, पण त्यांची ताकद वाढल्याचं कधी दिसलं नाही. मायर्सला ब अधिक.

लीजन म्हणजे सरळ समिती आहे. चार मुखवटेधारी पोरं मिळून एक भूत. ती धावत सुटतात, एकाला भोसकतात, दुसऱ्याला भोसकतात, तिसऱ्याच्या मागे लागतात. मैदानभर आरडाओरडा, सगळ्यांना जखमा, सगळे मलमपट्टी करत बसलेले, आणि आकडे रिकामे. धावपळ भरपूर, निर्णय पुढच्या बैठकीत. नेमेसिसच्या हाताखाली दोन झाँबी दिले आहेत. ते कंत्राटी. मनाला येईल तिकडे चालतात, कधी कधी भिंतीला टेकून उभे राहतात, आणि पाठलाग रंगात आला की नेमके साहेबांच्या वाटेत येतात. २०२४ मध्ये आलेल्या ड्रॅक्युलाकडे तीन पदांचा कार्यभार आहे. माणूस असताना जमिनीतून आगीचे खांब काढायचे, लांडगा असताना वास काढायचा, वटवाघूळ असताना इकडून तिकडे उडायचं. वटवाघूळ झालं की मारता येत नाही, हा तांत्रिक मुद्दा पाठलाग संपत आल्यावरच आठवतो. स्कल मर्चंटबद्दल लिहीत नाही. ती ड्रोन उडवायला लागली की समोरची माणसं डावच सोडून जायची. कामाला सुरुवात होण्याआधीच कार्यालय रिकामं करणारा अधिकारी मी पाहिलेला आहे, पण त्याचा अहवाल माझ्याकडे नव्हता.

माझ्या यादीत अ अधिक एकच, हंट्रेस. सशाचा मुखवटा घातलेली थोराड बाई, हातात कुऱ्हाडी, आणि तोंडानं सतत अंगाई गुणगुणणारी. भाचा म्हणतो, ती भारी आहे ते तिच्या नेमामुळे. लांबवर फिरणारा माणूस ती कुऱ्हाड फेकून टिपते. असेल. माझं कारण वेगळं आहे. एकदा मी माणसांच्या बाजूनं होते, जखमी, आणि कपाटात लपले होते. मैदानात अशी पत्र्याची उभी कपाटं ठिकठिकाणी असतात. फटीतून अंधुक गवत दिसत होतं. अंगाई जवळ आली. थांबली नाही, चढली नाही, भाजी निवडताना बायका गुणगुणतात तशीच चालू राहिली. मी माउसवरचा हात उचलून पदराखाली घेतला, जणू तिला तो दिसणार होता. आता गोष्ट अशी, की या बाईच्या कुऱ्हाडी संपल्या की तिला नव्या घ्यायला कपाटच उघडावं लागतं. म्हणजे ती मला शोधत नव्हतीच. ती भांडारातून साहित्य घ्यायला आली होती. दार उघडलं, आत मी. तिनं मला मानेला धरून बाहेर काढलं, खांद्यावर टाकलं, आणि गुणगुणणं एका सुराचंही तुटलं नाही. कुऱ्हाडीही मिळाल्या, माणूसही मिळाला. एका फेरीत दोन कामं, आवाज न चढवता. मी किंचाळले ते शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं.

नर्स चारही माणसं मारून जाईल, पण तिची धास्ती डाव संपला की संपते. हंट्रेसची अंगाई मात्र भांडी घासताना आपल्याच तोंडून येते आणि मग नळ बंद करून मागे वळून बघावं लागतं. याला रकाना नाही, म्हणून भाच्याच्या यादीत त्याची नोंद नाही.

जपानची सादाको आणि ओनी इथे आधीपासून आहेत. २०२५ मध्ये थायलंडकडची, नुसतं मुंडकं आणि आतडी घेऊन उडणारी क्रासू आली. तेव्हा मी म्हटलं, मग आमच्या कोकणानं काय पाप केलंय? अर्ज करायला हरकत नाही. भाच्यानं पाय पसरले आणि म्हणाला, "सांग. एकेक नाव सांग, मी टियर सांगतो."

"मुंजा."

"काय करतो?"

"पिंपळावर असतो. झाड सोडत नाही."

"एका जागी बसून राहणार? कॅम्पर आहे. डी. लोक शिव्या घालतील."

"हडळ. पाय उलटे."

हे ऐकून तो सावरून बसला. "थांब. म्हणजे ठसे बघून माणूस नेमका तिच्याच दिशेनं पळणार? अगं मावशी, एस!"

"गोव्याचा देवचार. हातात काठी आणि दिवटी. रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, फक्त त्याचा रोट आणि दारू वेळेवर पोचली पाहिजे."

"फाटकापर्यंत सोडतो?"

"सोडतो की."

"मग तो किलर नाहीच," भाचा म्हणाला, "तो आपल्या टीममध्ये पाहिजे. दारूचं मी बघतो."

मी म्हटलं, ते तुझ्या आईला विचारून बघ.