तालीमबाज

ज्या पुणे शहरात एके काळी कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सारे जण बसभाडे वाचावे म्हणून सायकल हाकीत असत, त्याच शहरात सांप्रत मोटारसायकलीच्या किमतीची सायकल घेऊन रविवारी पहाटे चार वाजता पौड रस्त्याला लागणारा जो एक वर्ग उदयास आला आहे, त्यास मी तालीमबाज म्हणतो. हा इसम सायकलीवरून कोठेही जात नाही. तो तालीम करतो. कशाची, असे विचाराल तर खुलासा सिद्धच असतो : २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे मुदतबंद सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करावयाची, मग ३००, ४००, ६०० अशा पायऱ्या चढावयाच्या आणि अखेर, चार वर्षांतून एकदा होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची १२०० किलोमीटरांची वारी ९० तासांच्या आत पदरात पाडून घ्यावयाची.

वजनाच्या बाबतीत त्याचा कारभार मोठा करडा. घंटी, कॅरियर, मडगार्ड आणि स्टँड यांना त्याने केव्हाच बडतर्फ केले आहे. परिणामी, विश्रांतीचे स्थळ त्याला वनश्री पाहून नव्हे, तर सायकल टेकवण्याजोगी भिंत पाहून मुक्रर करावे लागते, आणि अशी निर्वेध भिंत नेमकी मिसळीच्या हॉटेलालाच असते, हा योगायोग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. कारण गेल्या भाद्रपदात शेजारधर्म म्हणून मी आमच्या तालीमबाजामागे स्कूटरवरून गेलो होतो.

पिरंगुटचा घाट ओलांडून आम्ही मुळेच्या खोऱ्यात उतरलो. उतार ही त्याच्या मते फुकटची कमाई, सबब हिशेबात न धरण्याजोगी. पुढे मुळशीचा जलाशय लागला. ज्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला आणि ज्या लढ्याने बापटांना ‘सेनापती’ केले, ते हे धरण. स्वभावधर्माने पूर्वेस पुण्याकडे जावयाचे पाणी येथे अडवून, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस भिऱ्याच्या वीजघरावर उतरवले जाते. ताम्हिणीच्या माथ्यावर, डोंगरकड्यांवरून धबधबे कोसळत असता, मी सद्गदित होऊन विचारले, “काय हो, तलाव कसा वाटला?”

हँडलावरील यंत्रावरून दृष्टी न काढता तो उत्तरला, “समोरून वारा होता.”

दुपारी परतलो. मी जिना चढून गॅलरीत आलो, तो गृहस्थ अजून खाली सोसायटीच्या आवारात, मान खाली घालून, पाण्याच्या टाकीभोवती प्रदक्षिणा घालीत होता. संकल्प १२५ किलोमीटरांचा. यंत्र दाखवीत होते १२३.६.

तिसऱ्या फेरीस वॉचमनने काळजीने विचारले, “साहेब, काही हरवलं का?”

“चौदाशे मीटर!” तो न थांबता ओरडला; आणि वस्तू फारच मोठी दिसते अशा समजुतीने तो सज्जन वॉचमनही, काठी घेऊन, टाकीमागे शोधू लागला.