टर्मिनलपंत

टर्मिनलपंतांना माउसचा विटाळ होतो. टेबलावर माउस आहे, नाही असं नाही. कंपनीने कॉम्प्युटरबरोबर दिला म्हणून आहे, आणि सध्या तो पाठीवर पडून कोटेशनच्या कागदांवर वजन म्हणून काम करतो. पंत सकाळी येतात, डबा खिडकीत ठेवतात, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतात आणि दोन-तीन कळा दाबून स्क्रीनवर टर्मिनल नावाची एक काळी खिडकी उघडतात. मग संध्याकाळपर्यंत त्या काळ्यावर पांढरी अक्षरं पळत असतात. एवढा खडखडाट आमच्या इमारतीत फक्त खाली शॉपफ्लोअरवर होतो, पण तिथे निदान काहीतरी तयार होतं, असं आमचे सेल्सवाले म्हणतात. हा अन्याय आहे. पंतही तयार करतात, फक्त ते दिसत नाही.

तीस-चाळीस माणसांच्या कुठल्याही ऑफिसात असा एक पंत असतोच. खूण सोपी आहे. तुम्ही त्याला काहीही दाखवा, तो मान तिरकी करून म्हणतो, "हे एका ओळीत होतं." ती ओळ लिहायला अख्खी दुपार जाते, हा भाग वेगळा.

आम्ही भोसरीत कॉम्प्रेसरचे सुटे भाग आणि फिल्टर विकतो. मोशीच्या प्रदर्शनात स्टॉल लावला की तीन-चार दिवसांत प्लॅस्टिकच्या बरणीत हजारभर व्हिजिटिंग कार्डं जमतात. ट्रेनी मुलगा ती शीटमध्ये चढवतो, आणि त्या क्षणापासून त्या माणसांना लीड म्हणतात. पण नुसत्या लीडचं काही होत नाही. नाव, कंपनी, पत्ता, मोबाइल, फार तर ईमेल. त्यातही मोबाइल बऱ्याचदा नोकरी सोडून गेलेल्याचा. कारखाना केवढा, बनवतात काय, खरेदी कोण बघतं, जीएसटी नंबर काय, हे सगळं शोधून शेजारच्या रकान्यांत भरावं लागतं. त्याला इंग्रजीत डेटा एनरिचमेंट म्हणतात. आमच्याकडे त्याला लीडला फोडणी देणं म्हणतात.

या फोडणीत पंतांचा हात धरणारा कुणी नाही. जोशीबुवा पत्रिका वाचतात तसा पंत जीएसटी नंबर वाचतात. पंधरा अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, ३० गोवा. पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी, 'एच' असेल तर अविभक्त कुटुंब, 'पी' असेल तर एकटा जीव. शेवटचं अक्षर ताळ्याचं. एखादा आकडा चुकला की ताळा जमत नाही. "चौथं पी आहे," पंत सुस्कारा सोडून सांगतात, "नव्वद दिवसांची उधारी मागणार." आणि तो माणूस खरोखर नव्वद दिवसांची उधारी मागतो. कंपनी असेल तर तिच्या एकवीस अक्षरी सीआयएनमध्ये स्थापनेचं सालच लिहिलेलं असतं. त्यावरून पंत सांगतात की यांचे कॉम्प्रेसर आता म्हातारे झाले असतील, फिल्टर लागणार.

पिनकोडवर तर त्यांची भक्ती. १५ ऑगस्ट १९७२ला आपल्याकडे पिनकोड आला, तो आणला संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, हे त्यांनी ऑफिसातल्या प्रत्येकाला किमान एकदा सांगितलंय, चहावाल्याला दोनदा. "सहा आकड्यांत सगळा देश! ४१०५०१ म्हटलं की चाकण. संस्कृतचा माणूस होता, म्हणून जमलं. पाणिनीने तरी दुसरं काय केलंय?" यावर चहावाला कप गोळा करून निघून जातो.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि मार्केटिंगला मॅडम आल्या.

मॅडमचं सगळं चौकटींत. स्क्रीनवर एक चौकट ओढायची, शेजारी दुसरी, मध्ये बाण. पहिली चौकट शीट उचलते, दुसरी कंपनीची वेबसाइट शोधते, तिसरी ईमेल विकणाऱ्या एका सेवेला विचारते, तिला नाही सापडला तर चौथी दुसऱ्या सेवेला विचारते, तिलाही नाही तर तिसऱ्या सेवेला. याला वॉटरफॉल म्हणतात. काम झालं की चौकट हिरवी होते, बिघडली की लाल. साहेबांना केबिनमधून हिरवं दिसायचं आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा. पंतांनी त्याला पहिल्याच दिवशी रांगोळी म्हटलं. तोंडावर नाही, पंत पुण्याचे असले तरी तेवढी मर्यादा पाळतात.

मग साहेबांनी दोघांना बोलावून विचारलं, "काय घ्यायचं? एक काय ते ठरवा."

पंतांनी जे कीर्तन केलं ते मी दारातून ऐकलं. पूर्वरंगात बेल लॅब्ज आणि तिथे जन्मलेल्या काळ्या खिडकीतल्या आज्ञा: ग्रेप १९७३ची, ऑक १९७७ची. अहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांची आद्याक्षरं जोडून ऑक हे नाव झालं, तीन भागीदारांनी भांड्यांच्या दुकानाला द्यावं तसं. पन्नास वर्षं झाली, अजून चालतंय, भाडं नाही, वर्गणी नाही. उत्तररंगात एक्सेलचं पाप. २०२० साली इंग्लंडात कोविडच्या जवळजवळ सोळा हजार रुग्णांची नोंद पुढे गेलीच नाही, कारण जुन्या एक्सेल फाइलला ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नव्हती. त्याच साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं. "म्हणजे बघा साहेब, एक्सेल सुधारेना, तेव्हा माणसाने जनुकं बदलली!" साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, पंत सर रजेवर गेले की ती काळी खिडकी कोण उघडणार?"

या एका वाक्यात सगळं आलं, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण साहेबांनी दोघांनाही महिनाभर आपापल्या पद्धतीने काम करायला सांगितलं. साहेब लोक निर्णय न घेण्याला पायलट म्हणतात.

पंतांचा पहिला घाव फार सुंदर होता. एक ओळ, एक एंटर. दोन सेकंदांत हजार पत्ते फुटून नाव, कंपनी, गाव वेगळं झालं, आणि त्याच झटक्यात सगळ्यांना ईमेलही गेले. आता, पंतांनी स्वल्पविराम दिसेल तिथे ओळ तोडली होती. आणि आपल्याकडचा पत्ता म्हणजे स्वल्पविरामांची माळ: प्लॉट नंबर अमुक, अमुक ब्लॉक, मारुती मंदिरासमोर, गल्ली दुसरी. बऱ्याच ओळींचे रकाने एक-एक घर पुढे सरकले आणि त्या सकाळी चोवीस कारखान्यांना या मायन्याने पत्र गेलं: "आदरणीय मारुती मंदिरासमोर, आपल्या हवेच्या गरजा आम्ही जाणतो." आम्ही विकतो दाबलेली हवा, आणि पत्र थेट पवनपुत्राला! तळवड्याच्या एका गिऱ्हाइकाने उत्तर पाठवलं की देवाची परवानगी घेऊन कळवतो.

पंतांचा चेहरा हलला नाही. "ओळ बरोबर आहे," ते म्हणाले, "पत्ता चुकीचा आहे. पत्त्यात स्वल्पविराम घालायचाच कशाला?"

मॅडमची पाळी आठवड्याने आली. रांगोळी सकाळी दहाला सुरू झाली, सगळ्या चौकटी हिरव्यागार, आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत ईमेल विकत घ्यायची महिन्याची सगळी क्रेडिट्स संपली. ट्रेनीने एकच कंपनी कुठे 'प्रा. लि.', कुठे 'प्रायव्हेट लिमिटेड', कुठे नुसतीच आडनावाने लिहिली होती. तिच्या चाकणच्या कारखान्याची एक ओळ, साणंदच्या कारखान्याची दुसरी. चौकटींना काय, त्यांनी प्रत्येक ओळीला नवी कंपनी समजून त्याच माणसाचा ईमेल पाच-पाचदा विकत घेतला. शिवाय त्यातले काही नंबर खासगी मोबाइल निघाले, आणि २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचं काय, या प्रश्नावर बैठक पुढे ढकलण्यात आली.

इथे पंत वाईट वागू शकले असते. माझी तर खात्रीच होती. पण ते खुर्ची ओढत मॅडमच्या टेबलाशी गेले, थोडा वेळ रांगोळीकडे शेवयांचं ताट बघावं तसं बघत राहिले आणि म्हणाले, "नावं जुळवू नका. नाव माणूस लिहितो. जीएसटी नंबरातलं तिसरं ते बारावं अक्षर कापा. तो पॅन. पॅन एक तर कंपनी एक, मग कारखाने दहा असोत. हे एका ओळीत होतं."

आणि खरोखर एका ओळीत झालं. हजारातल्या सव्वादोनशे ओळी गळल्या.

मॅडमचं टूल ऑफिसातल्याच मशीनवर चालायचं आणि त्यात आज्ञा लिहायची एक चौकट होती. मॅडमनी पंतांची ओळ तिच्यात घातली, ती चौकट सगळ्यांच्या आधी बसवली आणि तिला नाव दिलं: 'पंत'. म्हणजे रांगोळीच्या मधोमध काळी खिडकी. पंत दोन दिवस त्या बाजूने गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायच्या निमित्ताने गेले आणि लांबूनच वाचून आले.

पंतांच्या घरचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्या त्या काळ्या खिडकीत आज्ञा नीट पार पडली की ती काहीच बोलत नाही. चुकलं तरच बोलते. आतल्या आत एक आकडा ठेवते, एक्झिट कोड. शून्य म्हणजे सगळं ठीक. पंतांनी हे आयुष्याला लावलंय. आमटी बिघडली तर सांगतात. चांगली झाली तर वाटी पुढे करतात, शब्द नाही. वहिनींनी एकदा मला विचारलं होतं, "ऑफिसात तरी बोलतात का हो?" पंचवीस वर्षांत एकदाही 'छान' ऐकलं नाही म्हणाल्या. मी हे पंतांना सांगितलं, तर ते गोंधळून म्हणाले, "पण मी तक्रार कुठे केलीय?"

भाद्रपदात पंत गणपतीला गावी गेले, देवरुखच्या पलीकडे. दुसऱ्याच दिवशी 'पंत' चौकट लाल झाली आणि मागची सगळी रांगोळी अडली. ट्रेनीने शीटमध्ये शेऱ्यासाठी एक नवा रकाना घुसवला होता. मॅडमनी तासभर फोन लावला. पंतांच्या गावात रेंज फक्त साकवावर येते, तेव्हा कुणीतरी घरी निरोप नेला, आणि पंत पावसात छत्री घेऊन साकवावर येऊन उभे राहिले. फोन स्पीकरवर होता. खाली वहाळ वाहत असल्याचा आवाज भोसरीत येत होता.

"ओळीत डॉलर सात दिसतंय का?"

"हो."

"सातव्या रकान्यात आता काय आहे?"

"शेरा. जीएसटी आठव्यात गेलाय."

"मग साताचे आठ करा. ऑफिसच्या मशीनवर बाणाच्या कळांनी तिथपर्यंत जा."

"सर, माउसने क्लिक केलं तर चालेल?"

बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला.

"करा. मी कुठे बघतोय."

मॅडमनी केलं. चौकट एकदा फिरली.

"झालं सर! हिरवं झालं!"

"रंग नका सांगू, मॅडम. एक्झिट कोड सांगा."

"शून्य."

पलीकडून पुढे काहीच आलं नाही. मॅडम दोन-तीनदा हॅलो हॅलो म्हणाल्या, आणि रेंज गेली समजून त्यांनी फोन ठेवून दिला.