बोगद्यातला अपघात मोठा कसा करावा? नवशिक्यांसाठी सहा पाठ

जालना जिल्ह्याची जमीन सपाट, त्यामुळे इथल्या होतकरूंची सरावाला गैरसोय होते. पण नाउमेद होऊ नये. निधोन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढावे. सुमारे अडीचशे किलोमीटरांवर इगतपुरी-कसाऱ्याचा जवळजवळ ८ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा आहे; ५ जून २०२५ पासून तो वाहतुकीला खुला आहे. नुसता पत्रा चेपून समाधान मानणाऱ्यांनी पुढे वाचू नये.

१. जागा: शक्यतो तोंडाशीच. आत गेल्यावर चालक सावरलेले असतात, ऊन-पाऊसही नसतो. तिथे अपघात कमी. उन्हातून शिरताना मात्र डोळ्यांना अंधार पचायला काही सेकंद लागतात. म्हणून गॉगल काढू नये.

२. वेग: ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंद दिसले नाही की शंभर मीटर आंधळेपणाने पार. शिवाय वेग दुप्पट केला की धडकेचा जोर चौपट. एवढा परतावा मोसंबीतही नाही.

३. अंतर: पुढे आपल्याच जालन्याची सळई नेणारा संथ ट्रेलर गाठावा. दोन गाड्यांच्या वेगांत फरक जेवढा, तेवढा मार. मागे बाहेर आलेल्या सळयांना लाल फडके नसेल तर उत्तम. त्या थेट काचेतून आत येतात.

४. पट्टा: मागे बसणाऱ्यांनी मुळीच लावू नये. धडक बसताच पुढच्याच्या पाठीवर आदळून दोघांचे काम होते.

५. थांबा: रील काढायला आतच थांबावे, तेही पार्किंग लाइट न लावता. दोन्ही बाजूंना भिंत असल्याने मागच्याला गाडी शेतात घालायचीही सोय नसते.

६. धूर: आग दिसली तरी काचा लावून गाडीतच बसावे. शेजारच्या बोगद्यात नेणाऱ्या आडवाटांकडे बघूही नये. १९९९ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँ बोगद्यात मार्गारीन आणि पीठ नेणारा ट्रक पेटला. ३९ जण गेले, त्यांतले बहुतेक आपापल्या गाड्यांतच.

सावधान: सहापैकी एक पाठ जरी विसरलात, तरी अपघात लहान होण्याचा धोका आहे. गॉगल काढणारे, दिवे लावणारे आणि अंतर ठेवणारे तर पाच-सहा मिनिटांत धडधाकट बाहेर पडतात. असे विद्यार्थी परतीच्या वाटेवरही हमखास नापास होतात.